देवापासून तीन वीत

नानांच्या घरात खुर्ची नव्हती. घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. त्यांचं म्हणणं असं की खुर्ची माणसाला लादीपासून दीड फूट वर उचलते आणि तेवढी ऊब वाया जाते. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, तळमजल्यावर त्यांचं घर. हॉल आणि स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. कोणीही आलं, पोस्टमन का असेना, नाना आधी चपला काढायला लावायचे, मग मोजे, मग म्हणायचे, "बस खाली. आता सांग, नळी खंय आसा?" पाहुणा बिचारा बूड इकडून तिकडे सरकवत शोधत बसायचा. बरोबर सांगितलं तर चहा. चुकलं तरी चहाच, पण उशिरा.

त्यांची माझी गाठ पडली तेव्हा मी चाळिशीत होतो. टीव्ही रंगीत झाला त्याच्या एकदोन वर्षं पुढची गोष्ट. मी सुतार, गाव घाटावरचं. शाळा तिसरीपर्यंत. मास्तरांनी पट्टी मोडली म्हणून सोडली. पट्टी त्यांची होती, पाठ माझी. पण त्या काळात घाटकोपर ते मुलुंड कोणाच्या घरात लग्न ठरलं की दोन माणसांना बोलावणं जायचं, भटजीला आणि मला. भटजी तारीख द्यायचा, मी पार्टिशन द्यायचो. एका खोलीच्या दोन करणं हाच माझा धंदा. मी उभं केलेलं पार्टिशन हललं असं कोणी दाखवून द्यावं, आज या वयातही मी हातोडी घेऊन येईन.

नाना मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या बॉयलरवर गेली. कोळसा, वाफ, पाणी आणि शिट्टी, याच्या पलीकडे जगात काही आहे असं त्यांना मनापासून वाटत नसे. बॉयलर चालवायचं सरकारी सर्टिफिकेट त्यांनी काचेत घालून देव्हाऱ्याशेजारी टांगलं होतं. रोज सकाळी देवाला फूल वाहिलं की उरलेलं सर्टिफिकेटला. माणसाची चौकशीही बॉयलरसारखी करायचे. मी दारात उभा राहिलो की माझा चेहरा निरखून विचारायचे, "मिस्त्री, आज तुझो काटो खंय आसा?" मी चिडलेला असलो तर स्वतःच उत्तर द्यायचे, "शंभराच्या वर. पाणी पी आधी." वहिनींचा, म्हणजे त्यांच्या मंडळींचा, आवाज चढला की ते मागच्या अंगणात निघून जायचे. सेफ्टी वाल्व्ह उघडा ठेवावा लागतो, म्हणायचे.

भंगारातून त्यांनी प्रेशरचं एक गोल घड्याळ आणलं होतं. ते हॉलमध्ये, जिथे लोकांकडे आरसा असतो तिथे. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. तरी रोज सकाळी आंघोळ झाली की नाना त्याच्यासमोर उभे राहायचे, काचेवर टिचकी मारायचे आणि घरभर ऐकू जाईल असं सांगायचे, "शून्य. सगळा ठीक."

आता लादीचं सांगतो. मिठागराजवळचा तळमजला म्हणजे पावसाळ्यात लादीला घाम फुटायचा. फडकं फिरवलं की पुन्हा ओली, आणि त्या ओलीत खारटपणा. वहिनींचे गुडघे त्यात गेले. खाली बसल्या की उठताना भिंतीला हात, मग पाटाला हात, मग नानांना हाक. नाना नोकरीतून सुटले त्या वर्षी त्यांनी हे पाहिलं आणि कोणालाही न विचारता हॉलची लादी उखडली. बॉयलरजवळची जमीन बारा महिने कोमट असते, तिथे काम करणाऱ्याचे गुडघे कधी दुखले नाहीत, हा त्यांचा हिशोब. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून कुठल्यातरी मोठ्या फ्रिजमधली तांब्याची नळी आणली, वेटोळी. ती सरळ केली, लादीखाली नागमोडी पसरली, वर लाद्या बसवल्या. मागच्या अंगणात खड्डा खणून त्यात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब उतरवला. बंबातलं गरम पाणी नळीतून हॉलखाली फिरायचं आणि थंड होऊन परत बंबात. छताजवळ पत्र्याचा डबा टांगलेला, त्यातल्या पाण्याने नळ्या कायम भरलेल्या राहायच्या. ना पंप, ना वीज. "गरम वर जाता, थंड खाली येता," नाना म्हणायचे, "मधी मी कोण?"

बिल्डिंगवाले आधी पोट धरून हसले. मुंबईत घामाने अंघोळ होते आणि हा माणूस जमीन तापवतो. सेक्रेटरी तक्रारीचा कागद घेऊन आला. घरात भट्टी लावायला परवानगी घेतली का म्हणून. नानांनी त्याला मोजे काढायला लावले. सेक्रेटरीची कंबर धरलेली होती. अर्ध्या तासाने त्याच कागदाची उशी करून तो हॉलमध्ये घोरत होता. पुढच्या आठवड्यात त्याने सासूला पाठवलं. श्रावण आला तसे बिल्डिंगमधल्या सगळ्या तान्ह्या पोरांचे लंगोट नानांच्या लादीवर वाळत पडायला लागले, आणि पापड, आणि एकदा कोणाची तरी ओली झालेली पासबुकंसुद्धा.

उन्हाळ्यात मात्र त्यांची फजिती झाली. मे महिन्यात त्यांच्या डोक्यात आलं की बंबात बर्फाची लादी टाकली तर घरची लादी गार होईल. हातगाडीवरून बर्फ आणवला, तोडून बंबात भरला, सगळे चपला काढून बसलो. तासभर बसलो. काही नाही. बंब खाली खड्ड्यात, थंडी वर चढेल कशी? रोज जे वाक्य आम्हाला ऐकवायचे तेच विसरले होते. वहिनींनी काही न बोलता उरलेला बर्फ उचलला आणि कोकमाचं सरबत केलं. नाना दोन पेले प्यायले आणि म्हणाले, थंडी पोटातून गेली की झालं, लादीतून कशाला.

तर अशा घरात मला पार्टिशन घालायचं होतं.

नानांना एकच मुलगा, सुहास. कंपनीत क्लार्क. त्याचं लग्न कुर्ल्याच्या मुलीशी ठरलं. मुलीचे वडील घर बघायला आले, लादीवर बसले, चहा प्यायले आणि सरळ बोलले की लादी झकास आहे, पण पोरीला दाराची खोली पाहिजे. नाही जमलं तर पोराने वेगळं बिऱ्हाड करावं. सुहासने दहिसरला एक खोली बघूनही ठेवली होती. म्हणजे लग्नाच्या आधी हॉलमध्ये भिंत उभी राहिली तर पोरगा घरात, नाही तर दहिसरला. वहिनी यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. नाना बोलले, पण ते प्रेशरच्या घड्याळाशी.

मी पहिल्या दिवशी माप घेतलं, देवदारच्या पट्ट्या टेकवून ठेवल्या आणि नेहमीप्रमाणे खाली बसलो. पार्टिशनची सुरुवात जमिनीपासून होते. लादीत छिन्नीने भोकं पाडायची, त्यात लाकडाच्या गुट्ट्या ठोकायच्या, त्यांवर खालची पट्टी आवळायची, मग भिंत वर चढते. मी छिन्नी टेकवली आणि हातोडी उचलली.

"हात वर!"

मागून असा आवाज आला की मी खरंच दोन्ही हात वर केले. पोलिसांसमोर करतात तसे.

"मेल्या, लादीखाली माझो जीव आसा," नाना म्हणाले. "लादीत खिळो नाय. एक नाय, अर्धो नाय."

मी म्हटलं, "मग भिंत उभी कशी राहणार? पायाशिवाय कोणी उभं राहतं का?"

"तां तू बघ. सुतार तू की मी?"

मी हत्यारं पिशवीत टाकली आणि घरी निघून आलो. बिनखिळ्याची भिंत लावा म्हणणं म्हणजे बिनपिठाची भाकरी थापा म्हणणं. दुसऱ्या दिवशी सुहास माझ्याकडे आला, आईचं तोंड बघवत नाही म्हणाला. मला वाईट वाटलं, पण माझा निर्णय हलला नाही. मग उठता उठता तो म्हणाला की बाबांनी भांडुपचा एक सुतार बोलावलाय. त्या भांडुपवाल्याची दोन पार्टिशनं मी स्वतः काढून फेकली होती. मी त्याच संध्याकाळी मुलुंडला हजर झालो.

नानांनी मला बसवलं आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवरून एक कागद काढला. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. त्यावर नळ्यांचा नकाशा. बारीक बारीक रेघा, बाण, आकडे. मी तो बराच वेळ बघितला आणि मान हलवली. नकाशा मला वाचता येतो असं मी तोंडाने कधीच म्हटलं नाही. मान हलवली एवढंच.

नानांनी खडू घेतला, देव्हाऱ्याच्या खाली पाठ टेकून बसले आणि तिथून भिंतीच्या कडेकडेने हाताने मोजत सरकले. सगळी मापं वितीत आणि सगळी देव्हाऱ्यापासून. पहिली नळी देवापासून तीन वीत. दुसरी साडेचार. मी विचारलं फुटपट्टी का नाही, तर म्हणाले, फुटपट्टी हरवते, हात हरवत नाही; आणि घरात सगळ्यात पक्की जागा देवाची. मला पटलं. हॉलभर पांढऱ्या रेघा ओढून झाल्या.

"आता नळ्या दिसतायत," मी म्हटलं. "रेघा सोडून दोन खिळे मारतो, बाकी काही नको."

"नाय. नकाशो माणसान काढलेलो असता."

हे त्यांचंच वाक्य. पुढचं सगळं घडल्यावर मला हे फार आठवायचं.

मग त्यांनी मला बॉयलरचं शिकवलं. मोठा बॉयलर जमिनीला घट्ट आवळत नाहीत. गरम झाला की तो वाढतो, थंड झाला की आखडतो, त्याला हलायला फट ठेवावी लागते. भिंतही तशीच कर, म्हणाले. वरून धर, बाजूंनी धर, खालून मोकळी सोड. मी दोन दिवस डोकं चालवलं. छताच्या स्लॅबला वरची पट्टी आवळली, दोन्ही टोकं बाजूच्या भिंतींत बसवली आणि सगळा सांगाडा वरून टांगला. खाली लादीला नुसता टेकेल इतका. मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घातली. टांगलेली भिंत. असलं काम मी आधी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बरं झालं होतं. नानांनी खांद्याने ढकलून बघितलं. हललं नाही.

पण मला चैन पडेना. भिंत म्हणजे पाय रोवून उभी राहणारी वस्तू. ही मला फाशी दिल्यासारखी वाटायची. दाराच्या चौकटीपाशी तर जास्तच. नवीन जोडप्याचं दार, दिवसातून शंभर वेळा लागणार, कधी रागाने आपटणार. चौकट सैल झाली तर नाव कोणाचं जाणार? नानांचं नाही.

त्या दुपारी नाना बंबात लाकडं घालायला मागे गेले. मी खडूच्या पहिल्या रेघेच्या अलीकडे, पूर्ण एक हात लांब, चौकटीच्या पायाशी छिन्नी ठेवली. म्हटलं एकच. तीन ठोके. तिसऱ्या ठोक्याला छिन्नी लादीत खचकन गेली, मऊ लागली, आणि माझ्या तोंडावर कोमट पाणी उडालं.

हातभर कारंजं. मी अंगठा लावला तर बाजूने. बनियन काढून बोळा कोंबला तर बोळा उडाला. पाणी स्वयंपाकघराकडे धावत होतं, वर छताजवळचा डबा गुळगुळ आवाज करत रिकामा होत होता, आणि वहिनी दारात हातात कणकेचं ताट घेऊन बघत होत्या. नाना पळत आले. त्यांनी मला बाजूला ढकलून कसलातरी कॉक बंद केला आणि त्या ओल्यात मटकन बसले.

मी ओरडणं ऐकायच्या तयारीत होतो. ते ओरडले नाहीत. भोकाकडे बघत राहिले, मग खडूच्या रेघेकडे, मग पुन्हा भोकाकडे.

"माझो नकाशो चुकलो," ते म्हणाले.

माझ्या हातातली हातोडी त्यांनी बघितली असणारच. पण त्यांना वाटलं की सांगाडा बसवताना काहीतरी लागलं, चूक मुळात त्यांच्या रेघेची आहे. मी काहीच बोललो नाही. हे सांगायला मला आवडत नाही, पण बोललो नाही.

संध्याकाळी सुहास आला. भिजलेलं घर, थंड लादी, लग्नाला आठ दिवस. तो म्हणाला, "बाबा, पुरे झालं. त्या नळ्यांत सिमेंट भरा, मिस्त्रीला खिळे मारू द्या, भिंत उभी राहू दे. नाही तर मी दहिसरची खोली घेतो. उद्या सांगा."

नाना वहिनींच्या गुडघ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, बरं. सिमेंट आणा.

मी सकाळी गेलो तेव्हा सिमेंटची पिशवी दारात येऊन पडली होती. लादी गारठलेली. वहिनी भिंतीला हात धरून उठत होत्या, मग पाटाला हात, मग नानांना हाक. नाना घड्याळासमोर गेलेच नव्हते. मी चपला काढल्या, खाली बसलो आणि म्हटलं, "नाना, सांगाडा लागला नाही. मी मुद्दाम भोक पाडलं. चौकटीला एक खिळा मारायचा होता."

"मी सांगितलेलंय ना, नाय म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"तुमच्या रेघेपासून हातभर लांब होतं," मी म्हटलं. माझ्या अंगातली खोड अशी की कबुली देतानाही मी थोडं भांडतोच.

"हातभर लांब?" नानांचा चेहरा बदलला. रागावला नाही, उलट ताठ झाला. "म्हणजे नकाशोय चुकलो, आणि तूय चुकलंस?"

"दोघंही," मी म्हटलं.

"बरा झाला," ते म्हणाले. "एकट्यान चुकणा बरा नाय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. हातात ओलं फडकं. त्या शांतपणे म्हणाल्या की मग तिसरं माणूस मी. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे नळ्या घालून झाल्यावर, नाना शिमग्याला गावी गेले होते तेव्हा वहिनींनी देव्हारा उजवीकडे सरकवला होता. भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची मोरी आली होती, देवांच्या पाठीला सांडपाणी बरं दिसेना. सर्टिफिकेटही बरोबर सरकवलं, देवाशेजारची त्याची जागा जायला नको म्हणून.

"किती सरकवलंस गो?" नानांनी विचारलं.

"हातभर."

नाना दोन वर्षं त्याच देव्हाऱ्यासमोर बसून पूजा करत होते. फूल वाहत होते. त्यांना देव बरे दिसतात एवढंच वाटलं होतं. ते देव्हाऱ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांना आयुष्यात एकदाच असं हसताना पाहिलं, आवाज नाही, नुसतं पोट.

"आणि नळ्या खरंच कुठे आहेत?" मी विचारलं. "आता नकाशावर कोण विश्वास ठेवणार?"

वहिनींनी नानांना बंब पेटवायला लावला. नळी फुटलेली, तिथे नानांनी भोकातून रबराचं बूच ठोकलं आणि वरचा डबा पुन्हा भरला, ते थोडा वेळ टिकलं. मग वहिनींनी हॉलभर ओलं फडकं फिरवलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं काही झालं नाही. मग लादी एका जागी कोरडी पडली, मग दुसऱ्या. बघता बघता ओल्या लादीवर कोरडे पट्टे उठले, खारीच्या पाठीवर असतात तसे. प्रत्येक पट्ट्याखाली एक नळी.

"रोज सकाळी बघतंय," त्या म्हणाल्या. "माका कोणी इचारल्यान?"

सिमेंटची पिशवी सोसायटीच्या गच्चीच्या कामाला गेली. नानांनी चार लाद्या उचलून नळीला स्वतः डाख लावला. मी चौकट वरून आणि बाजूने अशी आवळली की भांडुपवाल्याने येऊन शिकावं. उरलेले दिवस मी कामाला गेलो की नाना दारातच अडवायचे. "खिसो दाखव." मी चाळिशीचा माणूस, माझ्या हाताखाली दोन सुतार, आणि दारात उभा राहून खिसे उलटे करून दाखवायचो. एक टाचणी सापडली तर तीही काढून घेतली त्यांनी.

नवरी आली ती थंडीच्या दिवसांत. माप ओलांडून तिने आत पाय ठेवला आणि हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, लादी कोमट आहे." तिला आत न्यायच्या आधी नानांनी तिला नळी शोधायला लावली. पहिल्याच फटक्यात सापडली. सुहास दहिसरला गेला नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. माझ्या भोकाची लादी नानांनी बदलली नाही. तडा नव्हता म्हणाले. त्या भोकात त्यांनी पितळेची एक चकती बसवली, अंगठ्याएवढी. देवाची भांडी चिंचेने घासायच्या दिवशी ते ती चकतीही घासायचे. नवीन कोणी आलं की दाखवायचे. "हयसर घाटावरच्यान विहीर खणली." लोक हसायचे. मीही हसायचो, पण आतून नाही. मी मनात म्हणायचो, म्हातारा मला जन्मभर सोडणार नाही. तोंडाने कधी काही विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही.

नाना गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जाण्याआधी एक दिवस मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, लादीवरच, कारण खुर्ची तेव्हाही नव्हती. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. मी उठून काचेवर टिचकी मारली. "शून्य," मी सांगितलं. ते डोळे मिटून म्हणाले, सगळा ठीक.

त्यानंतर पावसाळा संपता संपता वहिनींचं बोलावणं आलं. सुहासच्या मुली मोठ्या झाल्या होत्या, त्यांना अभ्यासाला जागा पाहिजे होती. भिंत काढायची नव्हती, नुसती तीन वीत अलीकडे सरकवायची होती. मी पिशवी घेऊन गेलो. वहिनी आता काठी घेऊन चालत होत्या, पण खाली बसून स्वतः उठत होत्या, कोणाला हाक न मारता.

त्यांनी देव्हाऱ्याखालून एक कागद काढून मला दिला. कॅलेंडरची मागची बाजू, पण कॅलेंडर वेगळं. नवा नकाशा. लग्नाच्या गडबडीनंतर नानांनी पुन्हा सगळं मोजून काढला होता म्हणाल्या.

मला नकाशा वाचता येत नाही. आता सांगायला हरकत नाही. पण अक्षरं येतात, एक एक करून. मी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचायला लागलो. मधोमध लाल पेन्सिलीने एक गोल होता, त्यावर लिहिलं होतं, मिस्त्रीचं भोक. मग पहिली नळी, मिस्त्रीच्या भोकापासून दीड वीत. दुसरी, मिस्त्रीच्या भोकापासून तीन वीत. तिसरी, चौथी, बंबाकडे जाणारी, परत येणारी. कागदावरची सगळी मापं तिथूनच होती. देवाचं नाव कुठेच नव्हतं.

मी वहिनींकडे बघितलं.

"मी विचारलेलंय त्यांका," त्या म्हणाल्या. "देवापासून का नाय मोजलास? तर म्हणाले, देव हलतत. त्याचा भोक खंय जातला?"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग चकतीपाशी बसलो. चकती लखलखीत होती, कोणीतरी अजून घासत होतं. मी तिथून मोजायला हात पसरला तर वहिनींनी काठीने माझं मनगट अडवलं.

"तुझी वीत नको," म्हणाल्या. त्या हळूहळू खाली बसल्या, स्वतःचा पंजा चकतीपाशी टेकवला, ताणला, आणि करंगळीच्या पुढे दोन बोटं सोडून खडूची खूण केली. "त्यांची वीत माझ्यापेक्षा दोन बोटं मोठी."

अशा नानांच्या वितीने, दोन दोन बोटं सोडत, आम्ही हॉलभर नळ्या मोजल्या. मग फडकं ओलं करून ताडून बघितलं. एकही रेघ चुकली नाही.

मी हत्यारांची पिशवी उघडली. वहिनींनी काठी दाराच्या चौकटीला टेकवली आणि माझ्यासमोर हात पुढे केला.

"खिसो दाखव," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.